एकच गट, दोन चाचण्या आणि ‘परिणामकारक’ हा निष्कर्ष

पाटीपेन्सिल

शिक्षणशास्त्रातले लघुप्रबंध वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. विषय वेगवेगळे असतात, सांगाडा मात्र बहुतेक वेळा तोच. एक वर्ग घ्यायचा, पूर्वचाचणी घ्यायची, काही दिवस नवी अध्यापनपद्धती वापरायची, मग तीच किंवा तशीच उत्तरचाचणी. दोन मध्यमानांतल्या (सरासरींतल्या) फरकाचं टी-मूल्य, म्हणजे तो फरक त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे ते, काढायचं; ते ०.०५ स्तरावर सार्थक आलं (खरा फरक नसता तर एवढा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) की शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक नाही’ या गृहीतकाचा, त्याग करायचा. पाचव्या प्रकरणात वाक्य ठरलेलं: ‘सदर पद्धती परिणामकारक आहे.’

या आराखड्यातून हा निष्कर्ष निघत नाही, असं माझं ठाम मत आहे. टी-मूल्य १५ आलं तरी निघत नाही. ते एवढंच सांगतं की गुण वाढले आणि ही वाढ निव्वळ योगायोगाची मानणं अवघड आहे. कशामुळे वाढले, याबद्दल त्या आकड्यात एक अक्षर नसतं.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ साली हे सविस्तर मांडलं. निष्कर्षाच्या आंतरिक सप्रमाणतेला (परिणाम खरंच त्याच कारणामुळे झाला या खात्रीला) बाधा आणणारी आठ कारणं त्यांनी दिली आणि एकगट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी आराखड्याला ‘पूर्व-प्रायोगिक’ म्हटलं, म्हणजे खऱ्या प्रयोगाच्या अलीकडचा. संशोधन पद्धतीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही यादी असते, परीक्षेत ती विचारलीही जाते. तीच यादी पाठ असलेला विद्यार्थी स्वतःचा प्रबंध लिहिताना मात्र त्यातलं एकही कारण स्वतःच्या कामाला लावून बघत नाही, ही खरी खंत आहे.

मुलं दोन महिन्यांत तशीही शिकतात. इतर तासांना, घरी, एकमेकांकडून. तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना प्रश्न ओळखीचे असतात. मधल्या काळात शाळेची सत्र परीक्षा येऊन गेली तर सगळ्यांनी अभ्यास केलेला असतो. जी मुलं मध्येच गैरहजर राहू लागली त्यांना उत्तरचाचणीतून वगळलं, तर उरलेल्यांचं मध्यमान आपोआप वर सरकतं. ही कारणं निदान सुचतात तरी.

सर्वात फसवं आहे ते मध्यमानाकडे परतणं. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलं यांच्या उंचीत ते दाखवलं होतं. उपचारात्मक अध्यापनाच्या प्रबंधांना ते फार लागू पडतं, कारण तिथे गट निवडला जातो तोच पूर्वचाचणीत कमी गुण पडलेल्या मुलांचा. समजा वर्गाचं मध्यमान ५० आहे, निवडलेल्या ‘कच्च्या’ मुलांचं ३०, आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर गुण कितपत तसेच येतात याचं ० ते १ मधलं माप) ०.७. या मुलांना काहीही न शिकवता तशीच दुसरी चाचणी दिली तर त्यांचं अपेक्षित मध्यमान ५० − (०.७ × २०), म्हणजे ३६ येईल. कुणी काही न करता सहा गुण वाढले! कारण पहिल्या दिवशी ज्यांना सर्वात कमी गुण पडले त्यांच्यातली काही त्या दिवशी आजारी होती, काहींनी प्रश्न घाईत वाचले, काहींचे अंदाज चुकले. दुसऱ्या दिवशी हे दुर्दैव तितकंच त्यांच्या वाट्याला येत नाही. गुणांतली वाढ ‘उपचारात्मक अध्यापनाचा परिणाम’ म्हणून मांडण्याआधी हे सहा गुण बाजूला काढायला हवेत, आणि एकाच गटावर काम केलं असेल तर ते किती होते हे खात्रीने कळायचा मार्ग उरत नाही.

तुलना केल्याने काय फरक पडतो ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या स्टार प्रकल्पात, म्हणजे वर्गाच्या आकाराचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगात, दिसतं. १९८५ पासून चार वर्षं, बालवर्ग ते तिसरी, ११ हजारांहून अधिक मुलं. प्रत्येक शाळेत तीन प्रकारचे वर्ग: १३ ते १७ मुलांचे लहान, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे, आणि नेहमीच्या आकाराचे पण मदतनीस दिलेले. मुलं आणि शिक्षक दोघांचीही वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी. लहान वर्गांची आघाडी साधारण ०.२ प्रमाण विचलनाएवढी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) निघाली, मदतनीसाने फारसा फरक पडला नाही. आता मदतनीस असलेला फक्त एक वर्ग घेऊन वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतली असती तर? वर्षभरात मुलं शिकतातच. टी-मूल्य भक्कम आलं असतं आणि ‘मदतनीस परिणामकारक’ असा निष्कर्ष छापून आला असता.

एवढा मोठा प्रयोग एका विद्यार्थ्याने करावा असं म्हणत नाही. पण आपल्याकडे आहे त्या वेळेत आणि आहेत त्या मुलांवर तुलना कशी उभी करायची, यावर इथे बोलूया.

दहावी_ब

मुद्दे पटले, पण एका जागी अडखळले. मी शिक्षिका आहे, कृतिसंशोधन करते. माझ्या वर्गातल्या मुलांचं कुठे अडतंय ते बघायचं, उपाय करायचा, परत बघायचं. माझ्याकडे दुसरी तुकडी नाही. आणि असती तरी एका तुकडीला चांगलं शिकवायचं आणि दुसरीला मुद्दाम जुन्या पद्धतीने, हे मला जमणार नाही. ती मुलंही माझीच आहेत. विद्यापीठात बसून नियंत्रित गट, म्हणजे नवी पद्धत न वापरलेला तुलनेचा गट, मागणं सोपं आहे. मुलांसमोर उभं राहून ते करायचं म्हणजे रोज मनाला लागणारी गोष्ट आहे.

मध्यमान

दहावी_ब, कृतिसंशोधनाला नियंत्रित गट लागतोच असं कुणी म्हणू नये. तुमचा प्रश्न ‘माझ्या वर्गात ही अडचण सुटली का’ असा आहे. त्याला तुमच्याच वर्गाचं बारीक निरीक्षण पुरेसं आहे. अडचण येते ती अहवालाच्या शेवटी ‘ही पद्धत सर्व शाळांमध्ये वापरावी’ अशी शिफारस येते तेव्हा. प्रश्न एका वर्गाचा आणि उत्तर सगळ्यांसाठी, हा सांधा जुळत नाही.

न्यायाचा मुद्दा मात्र थोडा उलटून बघा. नवी पद्धत चांगली आहे हे आधीच माहीत असेल तर संशोधनाची गरजच नाही, थेट वापरा. आणि माहीत नसेल तर दुसऱ्या तुकडीचं नुकसान होतंय हे कशावरून? कदाचित प्रयोगातल्याच मुलांचा वेळ वाया जात असेल. कुठल्या गटाला तोटा होतोय हे खरोखर ठाऊक नसणं, हाच अशा तुलनेचा नैतिक आधार आहे.

आता ज्यांच्याकडे दोन गट आहेत त्यांच्यासाठी. दोन गट घेतले की काम झालं असं समजून पुढे जी आकडेमोड होते, तिच्यात दोन दोष मला वारंवार दिसतात.

पहिला. प्रायोगिक गटाची वाढ सार्थक आली, नियंत्रित गटाची आली नाही, म्हणून प्रायोगिक गट सरस. ही तुलना झालीच नाही. समजा प्रायोगिक गटाची सरासरी वाढ ५ गुण आणि प्रमाण त्रुटी (त्या सरासरीतली अनिश्चितता) २, टी-मूल्य २.५, सार्थक. नियंत्रित गटाची वाढ ३ गुण, प्रमाण त्रुटी तीच २, टी-मूल्य १.५, असार्थक. आता दोन वाढींतला फरक काढा: २ गुण. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे २.८३, टी-मूल्य जेमतेम ०.७. म्हणजे दोन गटांत फरक आहे असं म्हणायला काहीही आधार नाही, आणि प्रबंधात मात्र तो ठळक अक्षरांत छापलेला असतो. कसोटी लावायची ती वाढींतल्या फरकाला.

दुसरा दोष जास्त खोल आहे. ‘नमुना ४०० विद्यार्थी’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात १० वर्ग, प्रत्येकी ४० मुलं. एका वर्गातल्या मुलांचे शिक्षक एक, फळा एक, वातावरण एक. त्यांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे एकाच वर्गातल्या मुलांचे गुण किती सारखे असतात त्याचं माप, ०.२ धरला (शालेय चाचण्यांत एवढा असणं काही विशेष नाही) तर नमुन्याचा आराखडा-परिणाम (नमुन्यातली माहिती किती पटीने घटते तो आकडा) १ + ३९ × ०.२ = ८.८ येतो. ४०० ला ८.८ ने भागा. तुमच्या हातात साधारण ४५ स्वतंत्र मुलांएवढी माहिती आहे. आणि दोनच वर्ग असतील, एक इकडे एक तिकडे, तर पद्धतीचा परिणाम आणि शिक्षकाचा परिणाम वेगळे करणं अशक्य आहे. तिथे कोणतंही सूत्र मदतीला येत नाही.

किनारा

वाचतोय. मध्यमान यांचा पहिला मुद्दा प्रत्येक मार्गदर्शकाने भिंतीवर लावावा.

नवशिकी

नमस्कार. मी एम.एड. करते आहे, सध्या आराखडा लिहायचं चाललं आहे. सहावीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवण्यासाठी मी आकृत्या आणि पट्ट्यांवर आधारित कृतिपत्रिका तयार केल्या आहेत. आराखडा अगदी पाटीपेन्सिल यांनी वर्णन केला तसाच आहे, त्यामुळे धागा वाचून झोप उडाली.

दोन प्रश्न. शाळेत दोन तुकड्या मिळू शकतात पण दोन्हीकडे गणिताचे शिक्षक एकच आहेत, ते चालेल का? आणि मला सांगितलं गेलं आहे की नमुना किमान ३८४ हवा, तसा तक्ता आहे. दोन तुकड्या मिळून इतकी मुलं होणारच नाहीत. शिवाय अभिवृत्ती (विषयाबद्दलचा कल) मोजण्यासाठी एक पंचबिंदू पदनिश्चयन श्रेणी, म्हणजे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा पाच पर्यायांची विधानं, जोडायला सांगितली आहे.

अवलोकन

नवशिकी, ३८४ वर मी बोलतो, कारण या आकड्याने सर्वेक्षणाच्या क्षेत्रात फार नुकसान केलं आहे.

तो आकडा येतो कुठून? १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. याचा अर्थ एवढाच: फार मोठ्या जनसंख्येतून साधा यादृच्छिक नमुना घेतला आणि एखादं प्रमाण अजमावायचं असेल, उदाहरणार्थ किती टक्के लोक अमुक बाजूचे आहेत, तर ३८४ जणांवरून ९५ टक्के विश्वासाने ५ टक्क्यांच्या आतबाहेर उत्तर मिळतं. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली याचाच तक्ता करून दिला. तुमच्या प्रयोगात प्रमाण अजमावायचं नाही, यादृच्छिक नमुना नाही. त्या तक्त्याचा तुमच्याशी संबंध नाही. तुम्हाला किती मुलं लागतील हे ठरतं किती मोठा फरक तुम्ही महत्त्वाचा मानता यावर आणि मध्यमान यांनी सांगितलेल्या वर्गांच्या गणितावर.

उलट, प्रश्नावलीचा दुवा समाजमाध्यमांवरच्या गटागटांत पाठवून जे ३८४ अर्ज भरून येतात त्याला नमुना म्हणायलाही माझी तयारी नाही. ज्याला वेळ होता, ज्याला विषयात रस होता, जो पाठवणाऱ्याचा स्नेही होता, तो भरतो. संख्येने यावर इलाज होत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असा अंदाज छापला. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते दूरध्वनी-यादी आणि मोटारनोंदणीतून, महामंदीच्या काळात. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. त्यामुळे कोणाची किती उत्तरं आली यापेक्षा कोणाला विचारलं आणि कोणी दिलं नाही, हे प्रबंधात आधी लिहा.

अभिवृत्ती श्रेणीबद्दल. ती जोडू नका असं सुचवेन, किमान निष्कर्षाचा भार तिच्यावर टाकू नका. ‘मला गणित आवडते’ या विधानावर सहावीतलं मूल शिक्षकांसमोर काय खूण करणार? समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांचा १९३४ चा अभ्यास जुना आहे पण अजून विचार करायला लावतो. एका चिनी दांपत्याबरोबर ते अमेरिकेत फिरले. हॉटेलं, खानावळी धरून २५१ ठिकाणी गेले, नकार एकाच ठिकाणी मिळाला. काही महिन्यांनी त्याच ठिकाणी पत्राने विचारलं, ‘चिनी ग्राहक घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटलं. त्या अभ्यासातही त्रुटी आहेत, पत्राला उत्तर देणारा आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता असं नाही. तरी कागदावरची खूण आणि प्रत्यक्ष वागणं यांत केवढं अंतर पडू शकतं ते कळतं. मुलं मोकळ्या वेळेत आपणहून कृतिपत्रिका मागतात का, हे नोंदवा. ते वागणं आहे.

आणि हो, श्रेणीचा क्रॉनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी कितपत जुळतात यावरून काढलेली विश्वसनीयता) ०.९ आला म्हणून हुरळून जाऊ नये. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.२ असला तरी १० विधानांचा अल्फा ०.७१ येतो आणि ४० विधानांचा ०.९१. विधानं वाढवत गेलं की तो चढतोच. श्रेणी एकच गोष्ट मोजते आहे, हे त्याने सिद्ध होत नाही.

ओसरी

चर्चा छान चालली आहे, पण सगळे गुणांभोवती फिरताहेत. कोणीच मुलाशी बोलत नाहीये.

माझं काम गुणात्मक पद्धतीचं. प्रबंधांत आमच्या पद्धतीची जी अवस्था असते ती बघवत नाही. चौथ्या प्रकरणात पंधरा कोष्टकं आणि शेवटी एक परिच्छेद: ‘विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला.’ याला गुणात्मक विश्लेषण म्हणत नाहीत. कोणत्या विद्यार्थ्याने, कधी, काय केलं? ज्याने नाही घेतला त्याचं काय?

नवशिकीचा विषय अपूर्णांकांचा आहे म्हणून हे सांगायलाच हवं. १९७३ साली स्टॅन्ली एर्लवांगर यांनी एका मुलाच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. अभ्यासात त्याला बेनी म्हटलं आहे. बारा वर्षांचा, सहावीत, स्वयंगतीने शिकण्याच्या कार्यक्रमात चांगला पुढे गेलेला. चाचण्या तो पार करत होता, शिक्षिकेच्या मते प्रगती उत्तम. एर्लवांगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा कळलं की अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करताना तो अंश आणि छेद यांची बेरीज करतो. ५/१० म्हणजे १.५. ४/११ म्हणजेही १.५ आणि ११/४ म्हणजेही १.५! आणि याचं त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीने गणित म्हणजे कोणीतरी ठरवलेल्या नियमांचा ढीग होता आणि आपलं काम उत्तरपत्रिकेशी जुळणारं उत्तर शोधणं. ज्या चाचण्यांवर कार्यक्रम ‘परिणामकारक’ ठरत होता, त्या चाचण्यांना हे दिसलंच नव्हतं.

एक मूल. टी-मूल्य नाही, नियंत्रित गट नाही. तरी त्या अभ्यासाने एक गोष्ट पक्की केली: चाचणी पार होणं आणि कल्पना समजणं यांत फट असू शकते, आणि ती कशी दिसते. ‘किती मुलांत अशी फट असते’ याचं उत्तर त्यात नाही, आणि एर्लवांगर यांच्या कामाचा तो प्रश्नही नव्हता. गुणात्मक काम ढिसाळ चालतं असा समज असेल तर तो काढून टाका. शब्दशः नोंद, संकेतन (बोलण्यातल्या भागांना अर्थानुसार नावं देऊन वर्गवारी), आपल्या मताविरुद्ध जाणारी उदाहरणं मुद्दाम शोधणं, दुसऱ्या कोणीतरी तीच मुलाखत वाचून वेगळा अर्थ लावला तर तो लिहिणं, हे सगळं कष्टाचं आहे.

दहावी_ब

ओसरी, हे वाचून अंगावर आलं. माझ्या वर्गात असे किती बेनी असतील! पण साठ मुलांच्या मुलाखती घ्यायच्या कधी?

ओसरी

साठ जणांच्या नाहीच घ्यायच्या. पूर्वचाचणीच्या उत्तरपत्रिका घ्या आणि गुणांऐवजी चुकांप्रमाणे गठ्ठे करा. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिणारी मुलं एका गठ्ठ्यात. ती वरच्यांची वर, खालच्यांची खाली बेरीज करताहेत. छेद समान केला पण अंश तसेच ठेवले, त्यांचं उत्तर २/६, ती दुसऱ्यात. उत्तर बरोबर पण रीत भलतीच, ती तिसऱ्यात, आणि हा गठ्ठा सर्वात महत्त्वाचा. प्रत्येक गठ्ठ्यातली दोन-तीन मुलं निवडा. त्यांना गणित सोडवताना मोठ्याने बोलायला सांगा, तुम्ही शिकवू नका, दुरुस्त करू नका, फक्त ‘हे कसं केलंस’ एवढं विचारा. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं पुरतात. उत्तरचाचणीनंतर त्याच मुलांना परत बसवा.

एक काळजी घ्या. तुम्हीच त्यांच्या शिक्षिका आहात, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं त्यांना कठीण आहे. पालकांची संमती घ्या, आणि मुलालाही ‘नको वाटलं तर उठून जा, गुणांवर परिणाम नाही’ असं खरोखर सांगा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. नवशिकी, दोन्ही तुकड्यांना शिक्षक एकच, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. शिक्षकाचा फरक बाजूला झाला. त्यात आणखी एक करता येईल आणि दहावी_ब यांची अडचणही त्यात सुटेल: अदलाबदल.

दोन उपघटक घ्या, साधारण सारख्या काठिण्याचे. समजा अपूर्णांकांची बेरीज आणि अपूर्णांकांची तुलना. पहिल्या उपघटकाला ‘अ’ तुकडीला कृतिपत्रिका, ‘ब’ ला नेहमीची पद्धत. दुसऱ्याला उलट. कोणतंच मूल वंचित राहत नाही. पद्धत खरंच काम करत असेल तर पहिल्या वेळी ‘अ’ पुढे आणि दुसऱ्या वेळी ‘ब’ पुढे दिसायला हवी. ‘अ’ मुळातच हुशार असेल तर दोन्ही वेळी तीच पुढे राहील आणि तुम्हाला ते कळेल. एक धोका राहतो: शिक्षकांना कृतिपत्रिकेची सवय लागली की ते नेहमीच्या तासालाही तशा आकृत्या काढू लागतील. म्हणून काही तास मागे बसून बघा आणि काय शिकवलं जातंय ते टिपा.

ज्यांच्याकडे खरोखर एकच वर्ग आहे त्यांनी दोनच चाचण्यांवर थांबू नये. दर आठवड्याला पाच प्रश्नांची छोटी चाचणी, पद्धत सुरू करण्याआधी चार-पाच आठवडे आणि नंतर तितकीच. गुण आधीपासूनच चढत असतील तर आलेखात दिसेल. पद्धत सुरू झाली तिथे चढ मोडून वर गेला का, हे बघायचं. चाचणीत असेही काही प्रश्न ठेवा ज्यांचा तुमच्या कृतिपत्रिकांशी संबंध नाही, उदाहरणार्थ कोनांचे. अपूर्णांकांचे गुण वाढले आणि कोनांचे जागच्या जागी राहिले, तर तुमच्या म्हणण्याला जोर येतो. दोन्ही सारखेच वाढले, तर काहीतरी वेगळंच घडतंय.

आणि स्वतः केलेल्या चाचणीबद्दल सावध राहा. कृतिपत्रिकेत आहेत तशाच पट्ट्या आणि तशीच भाषा चाचणीत आली तर तुम्ही पद्धतीची परीक्षा घेत नसून सरावाची घेताय. निम्मे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या वळणाचे ठेवा.

किनारा

एक विचारायचं होतं. या सगळ्या काळजीनंतर फरक आलाच नाही तर? मी पाहिलेल्या प्रबंधांत शून्य परिकल्पना जवळजवळ नेहमीच फेटाळली जाते. स्वीकारली गेली तर मौखिकीत त्रास होईल अशी धास्ती असते.

मध्यमान

ही धास्ती काढून टाकणं मार्गदर्शकांच्या हातात आहे. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून बघितले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच सार्थक आले. शिक्षणात तर पुन्हा करून बघण्याची रीतच नाही: शिक्षणविषयक १०० प्रमुख नियतकालिकांच्या पाहणीत पुनरावृत्तीचे लेख ०.१३ टक्के भरले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे फक्त ‘फरक आला’ तेवढंच छापलं जातं, तिथे छापलेल्याचं वजन कमी होतं. नीट आराखडा, नीट मोजमाप, आणि उत्तर ‘या परिस्थितीत फरक दिसला नाही’, हा प्रबंध मी आनंदाने वाचेन. फक्त ‘फरक नाही’ असं न लिहिता विश्वास-अंतराल द्या, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला. −१ ते ६ गुण असा अंतराल असेल तर फरक नाही असंही म्हणता येत नाही, अभ्यास लहान पडला एवढंच म्हणता येतं.

नवशिकी

रात्री बसून नवा आराखडा केला. दोन तुकड्या, दोन उपघटक, अदलाबदल. उत्तरपत्रिकांचे चुकांप्रमाणे गठ्ठे आणि त्यातून निवडलेल्या मुलांशी बोलणं, शिकवण्याआधी आणि नंतर. अभिवृत्ती श्रेणी काढली, त्याऐवजी मोकळ्या तासाला कृतिपत्रिका मागणाऱ्यांची नोंद. दोन चाचण्या केल्या आहेत, क आणि ख, सारख्या काठिण्याच्या वाटतात पण खात्री नाही. आणि मार्गदर्शक टी-मूल्य हवंच म्हणताहेत, ते कुठे घालू?

मध्यमान

क आणि ख साठी: प्रत्येक तुकडीतल्या निम्म्या मुलांना आधी क द्या, निम्म्यांना आधी ख, वाटणी चिठ्ठ्या टाकून. नंतर उलट. एखादी सोपी निघाली तरी ती दोन्ही बाजूंना सारखीच सोपी राहील.

टी-मूल्य घाला, पण दोन तुकड्यांच्या वाढींतल्या फरकावर, प्रत्येक उपघटकासाठी वेगळं, आणि शेजारी फरक किती गुणांचा व त्याचा अंतराल. कोणती तुलना मुख्य, हे चाचणी घेण्याआधी लिहून मार्गदर्शकांची सही घ्या, म्हणजे नंतर सोयीची तुलना निवडल्याचा संशय राहत नाही. निष्कर्षाचं वाक्य असं: ‘या शाळेतल्या दोन तुकड्यांत, एकाच शिक्षकांच्या हाताखाली, कृतिपत्रिका वापरलेल्या उपघटकात मुलांना इतके गुण अधिक मिळाले.’ दोनच तुकड्या असताना याच्या पुढे जाऊ नका.

पाटीपेन्सिल

यात एकच भर. उत्तरपत्रिका तुम्ही स्वतः तपासणार असाल तर नावं, तुकडी आणि तारीख दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्या, पूर्व आणि उत्तर चाचण्यांचे गठ्ठे एकत्र मिसळा आणि मगच लाल पेन हातात घ्या. गैरहजर मुलांची यादी तुकडीवार परिशिष्टात द्या, आणि शक्य असेल तर आठवड्याभरात त्यांची चाचणी घेऊन ती वेगळी दाखवा. आराखडा मार्गदर्शकांकडून परत आला की त्यांचे शेरे इथे टाका, पुढचं तिथून बघू.